आधी खुर्ची उलटी करा : डायनिंगच्या खुर्च्यांचं कापड निवडताना

डायनिंगच्या खुर्च्यांना नवं कापड लावायचं ठरलं की घरात बोलणं थेट रंगावर येतं. पडदे कसले आहेत, भिंतीला काय शोभेल, सोफ्याशी जमेल का. आमच्याकडेही असंच झालं. ठाण्याच्या घरी राहायला आलो तेव्हा सहा सागवानी खुर्च्यांना आम्ही गडद तपकिरी, मऊ, चामड्यासारखं दिसणारं कापड लावून घेतलं. दुकानातल्या सगळ्या नमुन्यांत तेच देखणं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटायला लागले. पाहुणे जेवून उठले की त्यांच्या कपड्यांना मागून तपकिरी कण चिकटलेले असायचे आणि मला ते सांगायचीही चोरी व्हायची. लाकूड धड होतं, आतला फोम धड होता, फक्त वरचं कापड वाया गेलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी महिनाभर घाई केली नाही. दुकानांतून नमुने आणले, त्यांवर वरण सांडून पाहिलं, कुशनवाल्या काकांच्या शेजारी बसून त्यांचं काम पाहिलं. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली : डायनिंगची खुर्ची दिवाणखान्यात मांडलेली असली तरी तिची जात स्वयंपाकघरातली आहे. तिच्यावर आमटी सांडते, लोणच्याचं तेल ठिबकतं, उष्ट्या हाताने तिला ओढलं जातं. सोफ्यासाठी जे कापड उत्तम, ते इथे वर्षभरात हार मानू शकतं. पहिल्यांदाच हे काम काढणाऱ्यांसाठी मी ज्या क्रमाने गेले, किंवा जायला हवं होतं, तो क्रम खाली देते.

पहिलं काम : खुर्ची उलटी करा

दुकानात जाण्याआधी खुर्ची टेबलावर उलटी ठेवा आणि बैठक कशी बसवली आहे ते पाहा. यावरच पुढचं बरंचसं ठरतं.

बहुतेक घरांतल्या खुर्च्यांची बैठक सुटी असते. प्लायची एक फळी, तिच्यावर फोम, त्यावर कापड ताणून खाली पिना मारलेल्या, आणि ही फळी खालून चार स्क्रूंनी चौकटीला जोडलेली. ही सगळ्यांत सोपी जात. स्क्रू काढले की बैठक हातात येते, आणि थोडं धाडस असेल तर कापड घरीसुद्धा बदलता येतं. बैठका काढताना प्रत्येक फळीवर आणि तिच्या चौकटीवर एकच आकडा पेन्सिलने लिहा. सुताराने हाताने केलेल्या सहा खुर्च्या दिसायला सारख्या असतात, पण एकीची फळी दुसरीच्या भोकांवर बसेलच असं नाही.

काही जुन्या खुर्च्यांमध्ये बैठक चौकटीच्या खाचेत नुसती ठेवलेली असते, वर उचलली की निघते. इथे कापडाच्या जाडीला फार जपावं लागतं. फळी आणि चौकट यांच्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची फट असते. जाड कापड लावलं, किंवा जुनं न काढता त्यावरच नवं चढवलं, तर बैठक ठोकून बसवावी लागते आणि काही महिन्यांत चौकटीचे सांधे उकलतात. अशा खुर्चीला पातळ, घट्ट विणीचं कापडच घ्या.

तिसरी जात म्हणजे कापड थेट चौकटीवर ठोकलेलं, बैठक आणि पाठ एकसंध. हे काम कुशनवाल्यावरच सोपवा. आणि अशा खुर्चीला धुवायला काढता येणारं काहीच नसतं हे आत्ताच ध्यानात ठेवा, कारण कापड निवडताना ते निर्णायक ठरणार आहे.

वेताच्या बैठकीची खुर्ची वारशाने मिळाली असेल तर तिच्यावर फोम लादण्याआधी थोडं थांबा, अशी माझी मनापासून विनंती आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांत वाकवलेल्या लाकडाच्या ज्या काळ्या-तपकिरी खुर्च्या दिसतात, त्यांचं मूळ व्हिएन्नाच्या फर्निचर बनवणाऱ्या थोनेट यांच्या १८५९ च्या १४ नंबरच्या खुर्चीपर्यंत जातं. त्या खुर्चीची बैठक वेताच्या जाळीची होती. जाळीतून हवा खेळते, सांडलेलं खाली निघून जातं, घामाने कपडा चिकटत नाही. किनारपट्टीच्या हवेला ही बैठक फार मानवते. वीण तुटली असेल तर पुन्हा विणून घ्या आणि वर बांधायची पातळ सुती गादी शिवा. अशा खुर्चीला माझ्या मते दुसऱ्या कशाची गरज नाही.

दुसरं काम : कोण बसतं, काय सांडतं

एक कागद घ्या आणि आपल्या घराबद्दल प्रामाणिकपणे लिहा. घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का? आजी-आजोबा आहेत का? जेवण झाल्यावर त्याच खुर्चीवर कुणी लॅपटॉप उघडून सहा तास बसतं का? मांजर आहे का? खुर्च्यांवर दुपारचं ऊन येतं का? पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यांना बुरशी येते का?

यातलं प्रत्येक उत्तर एखादं कापड यादीतून काढून टाकतं. आजोबा खुर्चीच्या कडेवर बसून उठत असतील तर गुळगुळीत कापडावरून ते पुढे सरकतात. घरी साड्या नेसल्या जात असतील तर रेशमी साडी रेक्झिनवर घसरते आणि जरीचा काठ खडबडीत, फासे असलेल्या कापडात अडकतो. मांजर असेल तर तेच फासे तिला नखं लावायला आमंत्रण देतात. नागपूरच्या मे महिन्यात रेक्झिनवर तासभर बसणं म्हणजे उठताना मांडीची कातडी सोलून निघाल्यासारखं वाटतं, पण तिथल्या कोरड्या हवेत सुती कापड वर्षानुवर्षं टिकतं. रत्नागिरीत उलटं : जाड सुती कापड जुलैत नीट वाळत नाही आणि त्याला कुबट वास धरतो.

निळ्या जीन्सचाही विचार करा. नव्या जीन्सचा रंग फिकट रेक्झिनवर आणि फिकट मखमलीवर उतरतो आणि पुष्कळदा निघत नाही. आमच्या नात्यातल्या एका घरी दुधी रंगाच्या सहा खुर्च्या अशाच निळसर झाल्या आहेत.

तिसरं काम : कापडांची ओळख

आता दुकानात गेलात तरी चालेल, पण घ्यायला नाही, ओळख करून घ्यायला.

रेक्झिन आणि लेदरेट. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचं व्यापारी नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर देऊन ते केलं जाई. आज आपण रेक्झिन म्हणतो ते बहुधा पीव्हीसीचा थर दिलेलं कापड असतं. आणि लेदरेट या एका नावाखाली दुकानदार दोन वेगळ्या वस्तू विकतात : एक पीव्हीसीची, दुसरी पीयूची म्हणजे पॉलियुरेथेनची. आमच्या खुर्च्यांचं वाटोळं झालं ते हा फरक न विचारल्यामुळे.

पीयू हाताला मऊ, चामड्याच्या जवळ जाणारं, दुमडलं की बारीक सुरकुत्या पडणारं. पण हवेतली ओल आणि उष्णता मिळून त्या थराचे रासायनिक दुवे हळूहळू तोडतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. खुर्ची वापरात असो की नुसती ठेवलेली, दमट हवेत हे चालूच राहतं, आणि मग पापुद्रे सुटतात. एकदा सुटायला लागलं की त्यावर इलाज नाही, चिकटवून किंवा रंगवून काही होत नाही. पॉलीकार्बोनेट प्रकारचं पीयू यात बरंच जास्त टिकतं, पण ते महाग असतं आणि साध्या दुकानात सहसा मिळत नाही. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे राहत असाल आणि दुकानदाराला हायड्रोलिसिसबद्दल काही सांगता येत नसेल, तर पीयू घेऊ नका.

पीव्हीसीचं कापड जरा जाड, जड आणि हाताला गार लागतं. त्याला ओलीची भीती नाही. फडक्याने पुसलं की आमटी गेली. लहान मूल असलेल्या घराला मी हेच सांगेन. त्याचा दोष निराळा : त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य वर्षं जातील तसं निघून जातं, मग ते कडक होतं आणि कडांवर तडकतं. केसांचं तेल, घाम, सॅनिटायझर आणि कडक फिनेल यांमुळे हे लवकर होतं. घेताना कापडाची मागची बाजू, म्हणजे पाठ, पाहा. पाठीला विणलेलं, थोडं ताणलं जाणारं कापड असेल तर कोपऱ्यांवर नीट बसतं. पाठ कागदासारखी असेल तर तिथेच ठेवून द्या.

सुती कापड. कॅनव्हास, डक, जाड केसमेंट. बसायला यासारखं सुख नाही, घाम शोषतं, उन्हाळ्यात चिकटत नाही. पण जे घाम शोषतं ते रस्साही शोषतं. म्हणून सुती कापड डायनिंगच्या खुर्चीला लावायचं तर काढून धुता येणाऱ्या खोळीच्या रूपात, हा माझा नियम आहे. खोळ शिवण्याआधी कापड पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटेल आणि खोळ पुन्हा चढणार नाही. हातमागाचं हवं असेल तर केरळातल्या कण्णूरचं फर्निशिंग कापड पाहा, त्याला भौगोलिक मानांकन आहे. मानांकन आपल्या सोलापुरी चादरीलाही आहे आणि ती खुर्चीवर फार गोड दिसते, पण ती पांघरायला विणलेली आहे, ताणून पिना मारायला नाही. तिची बांधायची गादी करा.

ताग आणि लिनन. छायाचित्रांत सुंदर. तागाचे तंतू ठिसूळ असतात, घर्षणाने गळतात, आणि ओला डाग पडला की त्याच्या कडेला तपकिरी वर्तुळ उमटतं. लिनन त्याहून मजबूत, पण डागांच्या बाबतीत सुतीच्याच वाटेने जाणारं. रोज जेवायच्या खुर्चीला मी दोन्ही सुचवणार नाही.

पॉलिएस्टर आणि मिश्र कापडं. दुकानातली बहुतेक फर्निशिंगची कापडं यातच येतात. पॉलिएस्टरचा धागा पाणी कमी शोषतो, आटत नाही, लवकर वाळतो. सगळा मुद्दा विणीचा आहे. साधी, घट्ट, सपाट वीण असेल तर मधल्या मार्गाचं हे सगळ्यांत शहाणं कापड. कापड उजेडासमोर धरा. विणीतून प्रकाश ठिपक्या-ठिपक्यांनी आला, तर ताणल्यावर तिथून आमटी थेट फोमपर्यंत पोचेल. शेनिलचा केसाळ धागा मऊ लागतो, पण त्यात भाताची शितं अडकतात आणि वाळली की खरवडून काढावी लागतात. बुक्ले नावाचं फाशाफाशांचं कापड सध्या सगळीकडे दिसतं. जेवणाच्या जागेला ते पूर्णपणे गैर आहे, पोळीचा चुरा त्यातून व्हॅक्यूमनेही निघत नाही.

मखमल. हिच्याबद्दल माझं मत महिन्याभरात बदललं. सुती मखमल बसून दबते आणि तिचे चट्टे पडतात, हे खरं. पण पॉलिएस्टरची आखूड केसांची मखमल डायनिंगला बऱ्यापैकी चालते, डाग ताबडतोब टिपला तर आत उतरत नाही, आणि ओढायला फासे नसल्याने मांजरही तिच्या वाटेला कमी जाते. फक्त सगळ्या बैठकांवर केसांची दिशा एकच हवी, मागून पुढे. एक जरी बैठक उलटी कापली गेली तर तिचा रंगच वेगळा दिसतो.

खरं चामडं मीटरवर मिळत नाही, चौरस फुटांवर अख्ख्या कातड्याच्या हिशेबाने घ्यावं लागतं. कोकणच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि दर काही महिन्यांनी क्रीम लावावं लागतं. ज्यांना ही देखभाल आवडते त्यांनी जरूर घ्यावं.

चौथं काम : हळदीची परीक्षा

या सगळ्या मार्गदर्शनातून एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

पसंत पडलेल्या तीन-चार कापडांचे तळहाताएवढे तुकडे मागून घ्या. बहुतेक दुकानदार देतात, न दिले तर पाव मीटर विकत घ्या, ते पैसे फुकट जात नाहीत. घरी प्रत्येक तुकड्यावर फोडणीच्या वरणाचा एक चमचा एका कोपऱ्यात आणि लोणच्याच्या तेलाचा थेंब दुसऱ्या कोपऱ्यात टाका. एका तुकड्यावरचं दहा मिनिटांनी टिपा, त्याच कापडाच्या दुसऱ्या तुकड्यावरचं रात्रभर तसंच राहू द्या. कारण पाहुणे असताना सांडलेलं आपण दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहतो.

टिपताना आधी कोरड्या कागदाने, मग साध्या पाण्याने, आणि शेवटी सौम्य साबणाच्या पाण्याने. साबण लावल्यावर पिवळा डाग एकदम लाल झाला तर घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन क्षार लागला की लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. साबण धुऊन काढला की डाग पुन्हा पिवळ्यावर येतो. त्यानंतर तुकडा उन्हात ठेवा. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही, सुती कापडावरचा फिका डाग दोन-तीन दिवसांच्या उन्हात पुष्कळसा उडतो. म्हणूनच मी सुती कापडाला काढता येणारी खोळ हवी म्हणते. धुऊन उन्हात घालता आली तर हळद हा मोठा शत्रू राहत नाही. पक्क्या ठोकलेल्या बैठकीला मात्र ती कायमची धरून बसते.

आमच्या परीक्षेत सुती कॅनव्हासवर हळद रात्रभरात खोल बसली. घट्ट विणीच्या पॉलिएस्टरवर फिकट पिवळी सावली राहिली. पीव्हीसीवरचं दहा मिनिटांत टिपलेलं पूर्ण गेलं, रात्रभरचं मात्र फिकट राखाडी रंगावर किंचित दिसत राहिलं. तेच गडद शेवाळी रंगाच्या पीव्हीसीवर शोधूनही सापडेना.

त्याच तुकड्यांवर आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. ओला पांढरा रुमाल वीस-पंचवीस वेळा जोरात घासा, रुमालाला रंग लागला तर पाहुण्यांच्या कपड्यांनाही लागेल. आणि बांगडी किंवा पर्सची चेन त्यावरून ओढा, धागा ओढला जातो का, थरावर ओरखडा उठतो का ते दिसेल.

काही कापडांवर डाग न धरणारा लेप असतो. पाण्याचा थेंब टाकला की मोत्यासारखा गोल उभा राहतो. दुकानदार हे कौतुकाने दाखवतात. लेप उपयोगी आहे, पण घर्षणाने आणि धुण्याने तो झिजतो, आणि यातल्या बऱ्याच लेपांत फ्लोरिनची संयुगं असतात जी निसर्गात सहजी विघटित होत नाहीत. केवळ लेपाच्या भरवशावर फिकट कापड घेऊ नका.

पाचवं काम : चिठ्ठीवरचे आकडे

कापडाच्या नमुना-वहीच्या मागे मार्टिंडेल असं लिहून पुढे आकडा असतो. प्रमाणित लोकरी कापडावर ठरावीक दाबाने कापड किती फेऱ्या घासलं तरी टिकलं, त्याचा तो आकडा. रोजच्या जेवणाच्या खुर्चीला २५,००० पासून पुढे पाहा, मुलं असतील तर ३०,००० च्या वर. लाखाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका, घरातली खुर्ची झिजून जाण्याआधी डागांनी किंवा ओलीने जाते. वायझेनबीक असं लिहिलेलं असेल तर ती अमेरिकेत चालणारी वेगळी चाचणी आहे, दोन्ही आकड्यांची आपसांत तुलना करू नका.

धुण्याची अक्षरंही पाहा : डब्ल्यू म्हणजे पाण्याने साफ करता येतं, एस म्हणजे फक्त ड्रायक्लीनच्या द्रवाने, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, एक्स म्हणजे नुसतं व्हॅक्यूम. एस किंवा एक्स लिहिलेलं कापड जेवणाच्या खुर्चीसाठी बाद. इथे मी तडजोड करणार नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. अगदी फिकट रंगावर तेल दिसतं, अगदी गडद रंगावर पीठ, धूळ आणि भाताचा डाग दिसतो. दोन-तीन छटांचे धागे एकत्र विणलेलं मध्यम रंगाचं कापड सगळ्यांत जास्त झाकून नेतं. नमुना रात्री, जेवायच्या दिव्याखाली पाहा, कारण खुर्च्या बहुतेक वेळ त्याच उजेडात दिसणार आहेत.

सहावं काम : फोम वजन करून घ्या

कापड बदलताना फोम पाहिलाच पाहिजे. अंगठ्याने दाबा, सोडा. खड्डा हळूहळू भरत असेल किंवा पिवळी भुकटी पडत असेल तर तो बदला.

फोमचा दर डेन्सिटीवर ठरतो. डेन्सिटी ४० याचा अर्थ एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. डायनिंगला दोन इंच जाडीचा, ४० डेन्सिटीचा फोम पुरतो. आता हे ४० आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येतं, आणि ही युक्ती मला फार आवडते. १८ इंच बाय १८ इंच, दोन इंच जाडीचा तुकडा स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवा. ४० डेन्सिटीचा असेल तर सुमारे ४२५ ग्रॅम भरेल. ३२ चा असेल तर ३४० च्या आसपास. २५०-२६० ग्रॅम भरला तर तो उशीच्या लायकीचा आहे, वर्षभरात बसेल.

डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून वजन झाल्यावर त्यावर बसूनही पाहा. खालची फळी टोचता कामा नये. लॅपटॉप घेऊन तासन्‌तास बसणारं कुणी असेल तर खाली एक इंच रीबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला कडक फोम) आणि वर एक इंच मऊ फोम असा जोड करून घ्या.

जाडीचा मोह मात्र आवरा. टेबल साधारण ३० इंच उंच आणि बैठक १८ इंच असते, मधलं अंतर १० ते १२ इंच राहिलं तर जेवताना हात नीट पोचतो आणि गुडघे टेबलाच्या पट्टीला लागत नाहीत. गरजेपेक्षा जाड फोम घातला की हे सगळं बिघडतं.

सातवं काम : किती मीटर

फर्निशिंगचं कापड बहुधा ५४ इंच पन्ह्याचं असतं. हिशेब असा करा : बैठक १८ इंच, दोन्ही बाजूंना फोमची जाडी दोन-दोन इंच, आणि खाली दुमडून पिना मारायला दोन-दोन इंच. एकूण २६ इंचांचा चौकोन. ५४ च्या पन्ह्यात असे दोन बसतात. सहा खुर्च्यांसाठी तीन ओळी, म्हणजे ७८ इंच, जवळपास दोन मीटर. साधं कापड असेल तर अडीच मीटर घ्या. मोठं फूल किंवा ठसा प्रत्येक बैठकीच्या मध्यभागी आणायचा असेल तर ठशाच्या अंतराप्रमाणे हे मीटरभरानेही वाढू शकतं. कापड कापण्याआधी दुकानातच त्यावर खडूने चौकोन आखून पाहा.

पाठीलाही कापड असेल तर ते वेगळं मोजा. पाठीची वरची कड सगळ्यांत आधी मळते, कारण खुर्ची तिथेच धरून ओढली जाते. बैठक कापडी ठेवून पाठ त्याच रंगाच्या पीव्हीसीची करणं ही चांगली सोय आहे, आमच्याकडे आता तसंच आहे.

आठवं काम : लावणं

कुशनवाल्याकडे देत असाल तर काही गोष्टी आधी बोलून घ्या. जुनं कापड आणि जुन्या पिना पूर्ण काढायच्या. फोम आणि वरचं कापड यांच्यामध्ये मांजरपाटाचं अस्तर किंवा पॉलिएस्टरच्या कापसाचा पातळ थर घालायचा, त्याने कापड फोमला घासत नाही आणि सुरकुत्या पडत नाहीत. खालून काळं न विणलेलं कापड लावायचं. आणि रेक्झिन असेल तर फळीला भोकं. हे मला काकांनीच शिकवलं. मी विचारलं, “काका, भोकं कशाला?” तर म्हणाले, “ताई, कापडातून हवा जाते, रेक्झिनमधून कुठून जाणार? भोकं नसली तर माणूस बसला की शिवण फुगते, रोज फुगून फुगून एक दिवस फाटते.” अर्ध्या इंचाची पाच-सहा भोकं पुरतात. दमट हवेत फोम आतून कोरडा राहायलाही त्यांचा उपयोग होतो.

घरी करणार असाल तर टॅकर (लाकडात पिना मारायचं यंत्र), ८ किंवा १० मिलिमीटरच्या पिना, चपटा स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि चांगली कात्री एवढं हवं. कापड जमिनीवर उलटं पसरा, त्यावर फोमसह फळी पालथी ठेवा. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पीन मारा, सरळ करून पाहा, ठसा किंवा वीण तिरकी गेली असेल तर आत्ताच सुधारा. मग मध्याकडून कोपऱ्यांकडे जा, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने. एक बाजू पूर्ण संपवून दुसरीकडे गेलात तर कापड हमखास तिरकं ताणलं जातं. कोपरे शेवटी, दोन लहान चुण्या घालून. स्क्रूची भोकं झाकली गेली असतील तर सुईने शोधून मोकळी करा. पहिली बैठक सगळ्यांत मागच्या, भिंतीकडच्या खुर्चीची घ्या, सहावीपर्यंत हात चांगला बसतो.

नव्या बैठकांवर प्लास्टिकची आवरणं तशीच ठेवू नका. त्यांच्याखाली ओल धरते आणि कापडाला बुरशी येते. आठवड्याला ब्रश किंवा व्हॅक्यूम, सांडलं की लगेच टिपणं, रेक्झिनला फक्त ओलं फडकं आणि सौम्य साबण, यापलीकडे काही लागत नाही.

उरलेलं कापड टाकू नका. निदान एका बैठकीपुरतं गुंडाळून, डांबराची गोळी न घालता, कोरड्या कपाटात ठेवा, चार वर्षांनी तोच रंग दुकानात मिळत नाही. आणि शेवटचं काळं कापड ठोकण्याआधी फळीवर मार्करने लिहून ठेवा : कापडाचं नाव आणि प्रकार, फोमची डेन्सिटी, किती मीटर लागलं आणि तारीख. आमच्या सहाही फळ्यांवर लिहिलेलं आहे.